मोबाईलची बॅटरी लवकर का उतरते? चार्जिंगच्या सवयी बदला, फोन जास्त वर्षे टिकवा

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत मुलांचे शिष्यवृत्तीचे आणि स्वाधारचे फॉर्म भरून घेताना एक प्रसंग मी अनेकदा पाहिला आहे. आधारचा ओटीपी यायची वेळ होते आणि नेमका फोन बंद पडतो. स्क्रीनवर २५ टक्के चार्जिंग दिसत होते, तरी बंद! फोन जेमतेम दोन वर्षांचा. मग घरात विषय निघतो, "आता हप्त्यावर नवीन घेऊ." आई खुरपणीला जाते, वडील एमआयडीसीत कंत्राटी कामाला; त्या घरात हा हप्ता कोणत्या खर्चाला कात्री लावतो हे वेगळे सांगायला नको. आणि खरे तर फोन चांगलाच असतो. थकलेली असते ती बॅटरी.

बॅटरी थकते म्हणजे काय होते?

आजच्या सगळ्या मोबाईलमध्ये लिथियम-आयन प्रकारची बॅटरी असते. चार्ज करताना लिथियमचे कण एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातात, वापरताना परत येतात. प्रत्येक फेरीत थोडी झीज होते. एकूण १०० टक्के वापर झाला की एक फेरी धरतात. म्हणजे दोन दिवस ५०-५० टक्के वापरले तरी एकच फेरी. साधारण ५०० फेऱ्यांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के उरते, असे अनेक वर्षे मानले जायचे. आता बॅटऱ्या सुधारल्या आहेत. जून २०२५ पासून युरोपीय संघात विकल्या जाणाऱ्या नव्या फोनसाठी ८०० फेऱ्यांनंतरही ८० टक्के क्षमता राहिली पाहिजे, असा नियमच आहे.

झिजलेल्या बॅटरीला एकदम जास्त वीज देता येत नाही. कॅमेरा उघडला किंवा रेंज कमी असताना इंटरनेट सुरू केले की तिचा व्होल्टेज खाली येतो आणि फोन बंद होतो. २५ टक्क्यांवर फोन जातो तो यामुळे.

ही झीज थांबवता येत नाही, पण तिचा वेग आपल्या हातात आहे. वेग वाढवणाऱ्या मुख्य गोष्टी दोन: उष्णता, आणि बॅटरी फार वेळ पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी राहणे.

जुना नियम सोडून द्या

"पूर्ण उतरू द्यायची, मग पूर्ण भरायची" हा सल्ला अजूनही दिला जातो. तो जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीसाठी होता. आजच्या बॅटरीला तो मारक आहे. तिला मधली पातळी मानवते.

या सवयी लावून घ्या

१. २० टक्क्यांच्या आसपास आली की चार्जिंगला लावा आणि ८० ते ९० च्या दरम्यान काढा. दिवसातून दोन-तीनदा थोडे थोडे चार्ज केले तरी नुकसान नाही.

२. दिवसा लाईटचा भरवसा नाही म्हणून आपल्याकडे फोन रात्रभर लावून ठेवतात. १०० टक्के झाल्यावर फोन स्वतःच चार्जिंग थांबवतो, त्यामुळे तो "जास्त भरत" नाही. पण सकाळपर्यंत बॅटरी पूर्ण भरलेल्या ताणात राहते. अनेक फोनच्या सेटिंगमध्ये ८० टक्क्यांवर थांबण्याची सोय असते. ती शोधून चालू करा. नसेल तर जेवताना, अंघोळीच्या वेळी चार्ज करा.

३. चार्जिंग चालू असताना फोन उशीखाली, गोधडीत ठेवू नका. गरम होत असेल तर कव्हर काढा. त्या वेळी गेम आणि व्हिडिओ बंद ठेवा.

४. ऊन टाळा. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशीला जातो, आणि ३५ अंशांच्या वर बॅटरीची क्षमता कायमची कमी होऊ शकते. मी स्वतः एकदा गाडीच्या पुढच्या खणात, उन्हात फोन ठेवून बैठकीला गेले. महिन्याभरात बॅटरी फुगली. चूक माझीच होती.

५. जलद चार्जर वापरायला हरकत नाही, पण त्याने फोन जास्त तापतो. घाई नसेल तेव्हा साधा चार्जर लावा. चार्जर आणि केबल चांगल्या दर्जाची घ्या.

६. जुना फोन बाजूला ठेवायचा असेल तर ५० टक्क्यांच्या आसपास चार्ज करून, बंद करून ठेवा.

हे नियम म्हणजे सोवळे नव्हे. १ जानेवारीला भीमा कोरेगावला किंवा ६ डिसेंबरला चैत्यभूमीला निघायचे असेल, तर खुशाल १०० टक्के भरा. रोज तसे करू नका, एवढेच.

बॅटरी फुगली किंवा संपली तर

मागचे झाकण उचलले गेले, स्क्रीन वर आली, तर चार्जिंग ताबडतोब बंद करा. बॅटरी दाबू नका, टोचू नका. आग लागू शकते. दुकानात नवी बसवून घ्या. घेताना त्यावर बीआयएसचे चिन्ह आणि नोंदणी क्रमांक पाहा. नवी बॅटरी नव्या फोनच्या किमतीच्या मानाने फार स्वस्त पडते. जुनी बॅटरी घंटागाडीत किंवा उकिरड्यावर टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. दुकानदाराला किंवा कंपनीच्या सेवा केंद्राला ती घ्यायला सांगा.

आपल्या अनेक मुलांसाठी फोन हीच अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षेचा वर्ग, फॉर्म, निकाल, नोकरीचा कॉल, सगळे त्यावरच. तो आणखी दोन वर्षे चालला, तर वाचलेल्या पैशांत पुस्तके येतात आणि परीक्षेची फी भागते. आज घरी गेल्यावर आधी आईचा फोन बघा. तो नक्की रात्रभर चार्जिंगला असेल.