नव्या दुकानाचा पहिला महिना

संसार म्हटला कीं वाणसौदा आला, आणि वाणसौदा म्हटला कीं वाणी आला. आमच्या अकरा माणसांच्या कुटुंबांत महिन्याच्या आरंभीं सामानाची यादी करणें हा एक लहानसा समारंभच असतो. आई डाळी-तांदळाचा अंदाज सांगते, वहिनी मसाल्यांचा, मुलें बिस्किटांचा. लिहिण्याचें काम आमच्याकडे. ही यादी आज पन्नासांहून अधिक वर्षें पुण्याच्या सदाशिव पेठेंतील एकाच दुकानांत जात आली. गेल्या महिन्यांत मात्र तिचे दोन भाग झाले. आणि त्या क्षुल्लक गोष्टीनें घरांत जो विचार सुरू झाला, तो वाचकांपुढें ठेवावा असें वाटलें.

आमच्या घराजवळ एक जुना वाडा पाडून नवी इमारत झाली आहे. तिच्या तळमजल्यावर एका तरुण जोडप्यानें किराण्याचें दुकान उघडलें. जागा लहान; जेमतेम दोन खोल्यांएवढी. परंतु आंत पाऊल टाकतांच ध्यानांत येतें तें हें, कीं गिऱ्हाईक आणि माल यांच्यामध्यें फळी नाहीं. दोन्ही भिंतींना लागून मांडण्या, प्रत्येक जिनसेखालीं भावाची चिठ्ठी. हातांत टोपली घ्यावी, हवें तें उचलावें, आणि दाराशीं येऊन पैसे चुकते करावे.

मोठमोठ्या दुकानांमुळें ही पद्धति आतां आपल्या परिचयाची झाली आहे; पण तिची सुरुवात झाली ती अशाच एका शहराच्या मध्यवस्तींतील किराण्याच्या दुकानांत. अमेरिकेंतील मेम्फिस येथें १९१६ च्या सप्टेंबरांत क्लॅरेन्स साँडर्स नांवाच्या व्यापाऱ्यानें 'पिगली विगली' हें दुकान उघडलें. तोंपर्यंत तिकडेहि गिऱ्हाइकानें यादी द्यावी आणि नोकरानें माल काढून द्यावा, असाच रिवाज होता. साँडर्सनें दाराशीं फिरतें फाटक बसविलें, येणाराच्या हातीं टोपली दिली, वस्तूवस्तूवर किंमत लिहिली; आणि १९१७ सालीं या मांडणीचें पेटंटहि मिळविलें. नोकर कमी लागल्यानें त्याला माल स्वस्त देतां येई. यांत दुसराहि एक फायदा दुकानदाराचा असतो, तो आम्हीं स्वानुभवानें शिकलों. पहिल्या दिवशीं नऊ जिनसा आणावयास म्हणून गेलों, आणि चौदा घेऊन परत आलों! यादी खिशांतच राहिली होती.

तथापि दुकानाची परीक्षा मांडणीवरून नव्हे, तराजूवरून करावी, असें आमचे वडील म्हणत. पूर्वींच्या तागडींत पासंग पाहावा लागे; आतांच्या विजेच्या कांट्यांत तो आंकड्यांत दडलेला असतो. माल ठेवण्यापूर्वीं कांट्यावर शून्य दिसलें पाहिजे, आणि कांटा तपासल्याचें वैधमापन खात्याचें प्रमाणपत्र दुकानांत दिसेल अशा जागीं लावलेलें पाहिजे. या दुकानांत तें समोरच्या भिंतीवर होतें. तरीहि आम्हीं अर्धा किलो रवा घरच्या कांट्यावर तोलून पाहिला. वजन पुरें भरलें, आणि शंका घेतल्याबद्दल मनाशीं थोडें ओशाळवाणें वाटलें. पुढच्या आठवड्यांत शेंगदाण्याची पिशवी खवट निघाली. वहिनी ती घेऊन गेल्या, तेव्हां दुकानांतील मुलीनें दोन दाणे तोंडांत टाकून पाहिले आणि एक शब्दहि न बोलतां पैसे परत केले. सचोटीची याहून निराळी व्याख्या आम्हांला ठाऊक नाहीं.

शेजाऱ्यापाजाऱ्यांचीं मतें मात्र एकसारखीं नाहींत. समोरच्या वाड्यांतील सेवानिवृत्त मुख्याध्यापकांना हें दुकान फार आवडलें. कारण तेथें प्रत्येक पाकिटावरील मजकूर स्वस्थपणें वाचतां येतो. वजन, किंमत, माल भरल्याचा महिना हें सर्व पाहिल्याशिवाय ते चहाची पुडीहि घेत नाहींत. अक्षरें बारीक असतात, एवढीच त्यांची तक्रार. शेजारच्या नव्या सूनबाई नोकरीवरून रात्रीं आठाला परततात. दुकान साडेनऊपर्यंत उघडें असतें, हा त्यांच्या दृष्टीनें सर्वांत मोठा गुण. परंतु आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या बाईंनीं जें सांगितलें तें कोणीच लक्षांत घेतलें नव्हतें. त्या म्हणाल्या, "दुकान चांगलं आहे हो, पण तिथं डाळ अर्ध्या किलोच्या खालीं मिळत नाहीं. मला रोज पावकिलो लागते, आणि पैसे रोजचे रोज हातांत येतात." बंद पाकिटांच्या दुकानांत गरिबाच्या मापाला जागा नसते, ही गोष्ट आम्हां महिन्याचें सामान भरणाऱ्यांच्या ध्यानांत कशी यावी?

राहतां राहिली आई. आमची आई आज सत्त्याऐंशी वर्षांची आहे. १९५८ सालीं दशमान वजनांचा अंमल सुरू झाला, तरी तिच्या तोंडीं अजून शेर आणि पायली आहेत. एका सायंकाळीं तिला हात धरून नवें दुकान दाखविण्यास नेलें. तिनें सर्व पाहिलें, स्वच्छतेची वाखाणणी केली, आणि घरीं आल्यावर एवढेंच म्हणाली, "सगळं आहे, पण बसायला कांहीं नाहीं. आणि कुणी कांहीं विचारलं नाहीं."

तिच्या या बोलण्याचा अर्थ महिनाअखेर कळला. एके दिवशीं जुन्या दुकानदाराचा मुलगा दारांत उभा राहिला. आम्हांला वाटलें, बाकी मागावयास आला असावा. तो म्हणाला, "बाबांनीं विचारायला पाठवलंय. या महिन्यांत यादी अर्धीच आली. घरीं कुणी आजारी तर नाहीं ना?"

कोणाला कांहीं बोलवेना. मग आईनें त्याला बसवून चहा दिला, आणि तो गेल्यावर १९७२ सालची हकीकत पुन्हां एकदां सांगितली. दुष्काळाचें वर्ष, रेशनवर तांबडा मिलो मिळे. वडील त्या वर्षीं सात महिने अंथरुणावर होते आणि पगार बंद झाला होता. त्या सात महिन्यांत या मुलाच्या आजोबांनीं आमच्या घरची यादी एकदांहि परत पाठविली नाहीं, आणि बाकीचा उच्चारहि केला नाहीं. तें देणें फेडावयास पुढें दोन वर्षें लागलीं. आम्ही सर्व भावंडें त्या वहीवर वाढलों, असें म्हटलें तरी चालेल.

तर मग नवें दुकान वाईट काय? तसेंहि नाहीं. उधारीची दुसरी बाजू इतिहासांत नमूद आहे. इंग्लंडांतील रॉचडेल गांवीं २१ डिसेंबर १८४४ रोजीं २८ जणांनीं, ज्यांत विणकर पुष्कळ होते, टोड लेन नांवाच्या गल्लींत एक लहानसें दुकान उघडलें. माल म्हणजे लोणी, साखर, पीठ, ओटाचा भरडा आणि कांहीं मेणबत्त्या! त्या काळीं कामकरी माणूस उधारीपायीं दुकानदाराच्या मुठींत सांपडे, आणि भेसळीचा माल मुकाट्यानें घेई. म्हणून त्या मंडळींनीं नेमच केला, कीं माल शुद्ध, वजन पुरें, आणि व्यवहार रोखीचा. उरलेला नफा ज्यानें जितकी खरेदी केली त्या प्रमाणांत सभासदांस परत. आपल्याकडेहि नायगांवांत १९४८ सालीं निघालेला 'अपना बाजार' आणि १९७५ पासून घराघरांचे गट करून एकत्र खरेदी करणारी मुंबई ग्राहक पंचायत हीं याच विचाराचीं फळें होत. उधार देणारा आमच्या वाण्यासारखा असला तर वही आधार होते. तसा नसला तर तीच गळफांस होते.

घरांत दोन रात्रीं चर्चा झाली. धाकट्या भावाचें म्हणणें, जेथें स्वस्त आणि चोख तेथें घ्यावें. यांत भावनेचें काय काम? त्याचें बोलणें हिशेबाला धरून होतें. थोरल्या भावाचें म्हणणें, हिशेबच करावयाचा तर १९७२ पासून करा. शेवटीं आईनें निवाडा दिला. धान्य, डाळी आणि गूळ जुन्या दुकानांतून; रवा, मसाले आणि मुलांचा खाऊ नव्यांतून. "त्या पोरांनींहि कर्ज काढूनच दुकान मांडलं असेल," ती म्हणाली. "त्यांचीहि कुणीतरी यादी आधीं घ्यावी लागते."

तिनें आणखी दोन गोष्टी केल्या. जुन्या दुकानांत स्वतः जाऊन, यादी अर्धी कां आली तें कांहींएक न लपवितां सांगितलें. आणि भावांची पाटी बाहेर लावावी व प्रत्येक खेपेस पावती द्यावी, असें सुचविलें. आतां तेथें पाटी लागली आहे. नव्या दुकानांतील मुलीला तिनें भांडीवाल्या बाईंची अडचण सांगितली. आठवड्याभरांत तेथें सुट्या डाळींचे तीन डबे आले, आणि दाराशीं एक स्टूलहि आलें.

वाचक भगिनींस आणि बंधूंस आमची विनंति एवढीच. नवें दुकान निघालें कीं अवश्य जावें. यादी हातांत धरावी, कांट्यावरचें शून्य पाहावें, पाकिटावरील मजकूर वाचावा, पावती जपून ठेवावी. परंतु जुनें दार सोडण्यापूर्वीं आपली वही तेथें खरोखरच चुकती झाली आहे काय, हें एकदां घरांतील वडीलधाऱ्यांना विचारून पाहावें. सर्वच बाकी रुपयांत लिहिलेली नसते.