धुऱ्यावरचा शुभ्रकंठी

बुलढाण्याच्या घाटावर सोयाबीन निघालं की धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, बोर-बाभळीतून ‘टक्... टक्’ ऐकू येऊ लागतं, दोन गारगोट्या हलकेच आपटल्यासारखं. हा शुभ्रकंठी वटवट्या, म्हणजे लेसर व्हाइटथ्रोट. वजन जेमतेम 12 ग्रॅम. उन्हाळ्यात थेट मध्य आशिया-सायबेरियाकडे घरटं करतो तेव्हा तो गातो. आपल्याकडे मार्च-एप्रिलपर्यंत मुक्काम असला तरी गाणं क्वचितच, म्हणून शोधायचा तो या ‘टक्’वरून. आवाज आला की झुडपात घुसू नये. तो आतल्या आत ज्या टोकाकडे सरकतोय तिथल्या उघड्या फांदीवर नजर ठेवावी. दिसतो क्षणभरच: करडं डोकं, डोळ्यामागे गडद पट्टा, लख्ख पांढरा गळा, उडताना शेपटीच्या कडेला पांढरी रेघ. ऑर्फियन वटवट्याही असाच, पण अंगाने थोराड, चोचीने दणकट. एवढं पटलं की ओळख झाली, आणि माझ्या मते तिथेच थांबावं.

पुढचा, पोटजात ठरवायचा मोह मोठा असतो: हा सायबेरियाकडचा, वाळवंटी, की हिमालयातला ह्यूमचा? पाठीच्या रंगावरून ठरवावंसं वाटतं, पण कोवळ्या उन्हात तपकिरी भासणारी पाठ ऊन चढल्यावर राखाडी दिसते. फोटो असला तरी तो त्याच उजेडात काढलेला असतो. ही एक जात की तीन, यावर तज्ज्ञांचंही एकमत नाही. खात्रीसाठी अनेकदा डीएनएच तपासावा लागतो. मग अशी अर्धी नोंद काय कामाची, असं कुणी विचारेल. माझं म्हणणं, ती धुऱ्याच्या कामाची आहे. हजारो किलोमीटर उडून आलेला हा 12 ग्रॅमचा जीव ज्या झुडपातले किडे आणि बारीक फळं खाऊन हिवाळा काढतो, ते झुडूप जेसीबीच्या एका फेरीत जातं. शेतकऱ्याची तक्रार खोटी नाही: गचपणात रानडुकरं दडतात, सावलीत पीक मार खातं. पण त्यासाठी अख्खा धुरा साफ करायची गरज नसते. चार हिवर, दोन बोरी राहिल्या तरी पुष्कळ. त्या कुठल्या राखाव्यात, हे सांगायला गाव, तारीख, झाड आणि आवाज एवढं लिहिलेलं हवं. पोटजातीचा रकाना तोवर कोरा राहिला तरी चालेल.