शरदाचा आठवडा आणि तक्त्यावरचं नारिंगी पान

बऱ्याच केजी वर्गांत भिंतीवर ऋतूंचा तक्ता लावलेला असतो. त्यात 'ऑटम'च्या चौकोनात हाताच्या पंजासारखं कातरलेलं नारिंगी मेपलचं पान. सप्टेंबरअखेर मुलं ते पान रंगवतात, आणि खिडकीबाहेर बेळगावकडची भातशेतं मात्र हिरवीगार डोलत असतात. पाच वर्षांच्या मुलाने कुणाचं ऐकायचं, बाईंचं की डोळ्यांचं? ते बाईंचंच ऐकतं. मला खटकतं ते हेच.

तक्ता खोटा नाही, तो परगावचा आहे. थंड देशांत दिवस लहान होऊ लागले की पानांतलं हरितद्रव्य विघटित होतं, आत दडलेला पिवळा रंग दिसू लागतो आणि मग पान गळतं. आपल्याकडे झाडं पानं टाकतात ती मुख्यतः पाणी वाचवायला, पाऊस संपून जमीन कोरडी पडल्यावर. म्हणून साग, सावर, पळस यांची पानगळ शिशिराकडे. आश्विन-कार्तिकातला शरद म्हणजे धुतलेलं आभाळ, गवतावरचं दव, कोळ्यांची जाळी, उन्हात घिरट्या घालणारे चतुर. मग केजीतला शरदाचा आठवडा याच सामानावर का उभा करू नये?

पहिले दोन दिवस तर नुसतं बाहेर जाण्यात जातात. सकाळच्या पहिल्या तासाला मुलांनी गवतावरून अनवाणी चालायचं, तळव्यांना काय लागलं ते सांगायचं. कुंपणाकडून आघाडा, तेरडा, झेंडू, चार तऱ्हेची पानं गोळा करायची. वर्गात आल्यावर ढीग लावायचे: खरखरीत-मऊ, लांब-गोल, वासाचं-बिनवासाचं. इथे सीमाभागाची एक गंमत आपोआप घडते. एक मूल झेंडू म्हणतं, दुसरं 'चेंडू हूवू'. दोन्ही नावं फळ्यावर चित्राखाली राहू द्यावीत. एक पुसून दुसरं लिहू नये.

महागडी साधनं लागत नाहीत हे तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला केव्हाच दाखवून दिलं. बिया, पानं, खडे, शंख-शिंपले एवढ्यावर त्यांच्या बालवाड्या चालल्या.

पण आठवड्याचा खरा गाभा म्हणजे हादगा. २७ सप्टेंबरच्या आसपास सूर्य हस्त नक्षत्रात जातो. त्या दिवसांतल्या पावसाला शेतकरी हत्तीचा पाऊस म्हणतात, आणि मध्ये हत्ती मांडून फेर धरायचा तो याच दिवसांत. मूळ खेळ मुलींचा. वर्गात मुलगेही फेरात हवेत. सगळ्या धर्मांच्या घरांतली मुलं असतात, तेव्हा पूजा घरी राहू द्या, फेर, गाणी आणि खिरापत वर्गात आणा.

आता यात शिक्षण किती दडलंय बघा. पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन. दर गाण्याला एक चिंचोका, आणि रोजची ओळ आदल्या दिवशीच्या ओळीखाली मांडायची. शनिवारपर्यंत जमिनीवर चिंचोक्यांचा जिना तयार होतो. 'एकाने जास्त' हे वहीत शिकवायला महिना लागतो. इथे मूल बोट ठेवून दाखवतं.

आणि खिरापत ओळखणं! झाकलेला डबा हलवायचा. वाजतंय की नाही? गोड की तिखट? चावायचं की चाटायचं? एकेका प्रश्नाने पदार्थ गाळत जायचे. तर्काचा याहून चांगला पाठ माझ्या तरी पाहण्यात नाही. एके घरून कडबू येतो, एके घरून नानकटाई, आणि ओळखता ओळखता नवे शब्द तोंडात बसतात. (डबा आणणाऱ्या मुलाला गुपित पोटात ठेवणं फार जड जातं, तेही शिक्षणच!)

शनिवारी अर्धा दिवस. मेपलचं पान काढून टाकायची गरज नाही. दुसऱ्या देशात असं होतं, एवढं सांगून ते राहू द्यावं आणि शेजारी मुलांनी आणलेलं तेरड्याचं फूल चिकटवावं. मग सगळ्यांनी आवारातल्या पिंपळाखाली जायचं. एका खालच्या फांदीला लाल दोरा बांधायचा, तिच्यावरची पानं मोजता येतील तेवढी मोजायची आणि आकडा दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवायचा. फेब्रुवारीत वर्ग पुन्हा त्याच फांदीखाली उभा राहील.