समुद्रतळावर चालणारी पाणबुडी

पाणबुडी म्हटले की टॉर्पेडो आणि क्षेपणास्त्रे डोळ्यांसमोर येतात. परंतु एकही शस्त्र न बाळगणारी एक आण्विक पाणबुडी अमेरिकेने बांधली होती. तिचे नाव ‘एनआर-१’. अ‍ॅडमिरल हायमन रिकोव्हर यांच्या कल्पनेतून साकारलेल्या या पाणबुडीचे जलावतरण २५ जानेवारी १९६९ रोजी ग्रॉटन येथे झाले. लांबी सुमारे ४५ मीटर, वजन सुमारे ४०० टन आणि आत जेमतेम डझनभर माणसे.

इतक्या लहान पाणबुडीत अणुभट्टी कशासाठी? डिझेल इंजिनाला हवा लागते. बॅटरीवर चालणारे यान काही तासांत थकते. अणुभट्टीला प्राणवायूची गरज नसते. तिच्या उष्णतेने पाण्याची वाफ होते, वाफेवर जनित्र फिरते आणि अखंड वीज मिळते. त्यामुळे एनआर-१ सुमारे महिनाभर खोल पाण्यात राहू शकत असे. दर दहा मीटर खोलीमागे सुमारे एका वातावरणाएवढा दाब वाढतो. म्हणजे सातशे मीटरवर तो पृष्ठभागाच्या सुमारे सत्तरपट होतो. हा दाब सोसत ती तळावर उतरे. तिला निरीक्षणासाठी खिडक्या होत्या, वस्तू उचलणारा यांत्रिक हात होता आणि तळावरून सरकण्यासाठी चक्क रबरी टायरची दोन चाके होती!

१९८६ मध्ये ‘चॅलेंजर’ अवकाशयान कोसळून सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. त्याचे अवशेष शोधण्याच्या कामी एनआर-१ने साहाय्य केले. १९९७ मध्ये रॉबर्ट बॅलार्ड यांनी भूमध्य समुद्रातील स्केर्की बँकेजवळ तिच्या मदतीने प्राचीन रोमन जहाजे शोधली. इतिहासाच्या अभ्यासकाला ही गोष्ट विशेष मोलाची वाटते. २००८ मध्ये ही पाणबुडी सेवानिवृत्त झाली.

याच तंत्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एनआर-१नेही गुप्त लष्करी कामे केली. ‘हॅलिबट’ या पाणबुडीतून उतरलेल्या पाणबुड्यांनी १९७१ मध्ये ओखोत्स्क समुद्रातील सोव्हिएत दूरध्वनी-केबलवर संभाषण टिपणारे यंत्र बसवले. पुढे एका माजी अमेरिकन कर्मचाऱ्याने पैशासाठी ते गुपित सोव्हिएत संघाला विकले. १ जुलै २०१९ रोजी रशियाच्या ‘लोशारिक’ या खोल समुद्रातील आण्विक पाणबुडीला आग लागून चौदा अधिकारी दगावले. शासनाने तपशील राजकीय गुपित ठरवून झाकून ठेवला.

दोन दुर्घटनांमधील हा फरक ध्यानात घ्यावा. ‘चॅलेंजर’चे तुकडे वर आले, चौकशी आयोगाने दोष जगापुढे मांडला आणि पुढील यानांच्या रचनेत सुधारणा झाली. ‘लोशारिक’वरील चौदा जणांच्या मृत्यूपासून इतरांनी काय शिकायचे, हे मात्र कुलूपबंद राहिले. समुद्राच्या तळापर्यंत पोहोचण्याचे सामर्थ्य विज्ञानाने माणसाला दिले आहे. तेथे सापडलेले सत्य पृष्ठभागावर आणायचे की नाही, हा निर्णय यंत्राचा नसतो. तो माणसाचाच असतो.