आभासी नाण्यांची किंमत कशी मोजावी?

परीक्षानळीत थोडेसे गरम पाणी घ्या व त्यात तापमापी बुडवा. तापमापी थंड असते. ती पाण्यातील थोडी उष्णता शोषून घेते आणि पाणी किंचित निवते. म्हणजे तापमापी जे तापमान दाखवते, ते पाण्याचे मूळ तापमान नव्हेच. त्याहून थोडे कमीच असते! हाच प्रयोग बादलीभर पाण्यात केला, तर फरक जाणवतही नाही.

मोजता मोजता मोजायची राशीच बदलणे, ही अडचण प्रयोगशाळेबाहेरही भेटते. बिटकॉइनचे नाव तुम्ही ऐकले असेल. जानेवारी २००९ मध्ये सुरू झालेल्या या चलनाला नोटही नाही आणि धातूचे नाणेही नाही. कोणाकडे किती बिटकॉइन आहेत, याची नोंद जगभरातील हजारो संगणकांवर राहते. पुढे अशी कितीतरी आभासी चलने निघाली. ती बाळगणाऱ्याला साहजिकच प्रश्न पडतो : माझ्या संग्रहाची आजची किंमत किती?

उत्तर सोपे वाटते. प्रत्येक चलनातील नाण्यांच्या संख्येला त्याच्या भावाने गुणायचे आणि सर्व गुणाकारांची बेरीज करायची. फोनच्या पडद्यावर दिसणारा आकडा असाच काढलेला असतो. यातील संख्या बिनचूक असते. पण भाव म्हणजे काय? बहुधा बाजारात शेवटी झालेल्या सौद्याचा दर! तो सौदा कदाचित एखाद्याच नाण्याचा असेल.

समजा, तुमच्याजवळ एका चलनाची १,००० नाणी आहेत आणि शेवटचा सौदा १०० रुपयांना झाला. हिशेबाने किंमत झाली १,००,००० रुपये. आता ती विकायला काढा. १०० रुपये देणारे गिऱ्हाईक १०० नाणीच घेते. पुढच्या २०० नाण्यांना ९०, त्यापुढच्या ३०० नाण्यांना ७० आणि उरलेल्या ४०० नाण्यांना ४० रुपयेच भाव मिळतो. बेरीज करा : १०,००० + १८,००० + २१,००० + १६,००० = ६५,००० रुपये. पस्तीस हजार कोणी चोरले नाहीत. ते मुळात नव्हतेच!

ही केवळ कागदावरची गोष्ट नाही. बहामा बेटांवरील एफटीएक्स या आभासी चलनांच्या बाजाराने एफटीटी नावाचे स्वतःचे नाणे काढले होते. २ नोव्हेंबर २०२२ रोजी त्याच्या अलामेडा या भगिनी कंपनीचा ताळेबंद उजेडात आला. सुमारे १,४६० कोटी डॉलरच्या मालमत्तेत तब्बल ५८० कोटींच्या आसपास एफटीटीच होते! बाजारात या नाण्याची रोजची उलाढाल त्यामानाने फारच थोडी होती. ६ नोव्हेंबरला बिनान्स या दुसऱ्या बाजाराने आपल्याजवळचे एफटीटी विकणार असल्याचे जाहीर केले. २२ डॉलरच्या आसपास असलेला भाव आठवडाभरात २ डॉलरच्या घरात आला. ठेवी परत घेण्यासाठी ग्राहकांची झुंबड उडाली आणि ११ नोव्हेंबरला एफटीएक्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. ग्राहकांच्या ठेवी अलामेडाकडे वळवल्या गेल्या होत्या, हे पुढे न्यायालयात सिद्ध झाले. पण ताळेबंदातील त्या फुगीर आकड्याने कितीतरी दिवस सर्व काही ठीक असल्याचा भास निर्माण केला होता.

बिटकॉइनची गिऱ्हाइके पुष्कळ आहेत. तेथे लहानशी विक्री म्हणजे बादलीतली तापमापी. थोडी गिऱ्हाइके असलेले नाणे मात्र परीक्षानळीतल्या पाण्यासारखे असते. शिवाय भाव क्षणोक्षणी बदलतो, आणि निरनिराळ्या बाजारांत तो थोडा निराळा असतो. म्हणून किंमत सांगताना ती केव्हाची, कोणत्या बाजारातली व किती नाणी विकल्यास मिळणारी, हेही सांगायला हवे. प्रयोगवहीत आपण एकक व संभाव्य त्रुटी लिहितो, त्यातलाच हा प्रकार!

आता एक गणित तुमच्यासाठी. वरच्याच उदाहरणात तुमच्याजवळ ३०० नाणी असती, तर हिशेबाची किंमत आणि हाती येणारी रक्कम यांत शेकडा किती फरक पडला असता? ६०० असती तर? उत्तरे काढा आणि त्रुटी कशी वाढत जाते ते पाहा.