ज्योत्स्नाबाई भोळे : बिंबा ते भानुमती

फोंडे महालातील बांदिवडे येथे ११ मे १९१४ रोजी जन्मलेल्या दुर्गा केळेकर या मुलीने पुढे ज्योत्स्ना भोळे या नावाने मराठी रंगभूमीची जी सेवा केली, तिचे वर्णन बहुधा ‘गोड गळ्याची गायिका’ एवढ्यावरच आटोपले जाते. हे वर्णन खोटे नव्हे. पण अपुरे खास आहे.

गळ्यात सूर असलेल्या गोमंतकीय मुलीला त्या काळी मुंबई गाठावी लागे. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांनी तीच वाट धरली. दुर्गाही लहानपणीच मुंबईस गेली, गाणे शिकली आणि वैद्यकीचा अभ्यास सोडून संगीतात रमलेल्या केशवराव भोळे यांची सहधर्मचारिणी झाली.

१९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने श्री. वि. वर्तक यांचे ‘आंधळ्यांची शाळा’ रंगमंचावर आणले. नॉर्वेचे नाटककार ब्यर्नसन यांच्या नाटकावर ते आधारलेले होते. वधूकडून ज्या शुचितेची अपेक्षा आपण करतो, ती वराकडून का करू नये, हा त्यातला प्रश्न. बिंबेची भूमिका ज्योत्स्नाबाईंकडे होती. आमच्या पेडण्याकडे दशावतारात पुरुषच स्त्री होऊन उभा राहतो, आणि त्याचे आम्हांला काही वाटत नाही. बालगंधर्वांच्या नायिकांवर तर महाराष्ट्राने जीव ओवाळला. तरीही हा विशिष्ट प्रश्न पुरुषाने लुगडे नेसून विचारला असता, तर प्रेक्षकांनी त्याच्या अभिनयाला दाद देऊन विषय तेथेच संपवला असता. तो खऱ्या स्त्रीच्या तोंडून आला, म्हणून टाळता आला नाही. हिराबाई बडोदेकर आदी स्त्रिया त्यापूर्वीच रंगभूमीवर आल्या होत्या, हे खरे. परंतु तेथे मुख्य ओढ गाण्याची होती. येथे केशवरावांनी पदे मोजकीच ठेवली, आणि ज्योत्स्नाबाईंनी ती संवादाच्या ओघातच म्हटली. ‘वन्समोअर’साठी आलेल्या जुन्या रसिकांची थोडी निराशाही झाली असेल!

‘कुलवधू’ (१९४२) मध्ये हा धागा अधिक ताणला गेला. मो. ग. रांगणेकरांच्या ‘नाट्यनिकेतन’च्या या नाटकात त्यांची भानुमती ही चित्रपटात काम करणारी विवाहिता होती. पत्नीची कीर्ती व मिळकत पतीच्या अभिमानाला बोचू लागते आणि घराची घडी विसकटते. नटी ही कुलवधू असू शकते काय, असे विचारणाऱ्या समाजापुढे स्वतः नटी व गृहिणी असलेली स्त्री ती भूमिका करीत होती. मास्तर कृष्णरावांच्या चालींनी त्या पदांना अमाप लोकप्रियता लाभली. गोव्यातील बैठकींत ती आजही ऐकू येतात, मात्र भानुमतीची अडचण ऐकणाऱ्यांच्या ध्यानी येतेच असे नाही.

ज्योत्स्नाबाईंनी पुढे ‘आराधना’ हे संगीत नाटकही लिहिले. ५ ऑगस्ट २००१ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले; तेथील हिराबागेतल्या एका सभागृहाला त्यांचे नाव दिलेले आहे.