विश्लेषण : नोकरी शोधताना जवळच्यांपेक्षा दूरच्या ओळखी अधिक उपयोगी का पडतात?

नोकरी गेली किंवा पदवी हातात पडली की पहिले फोन जातात मामाला, आतेभावाला, वर्गातल्या घट्ट मित्राला. ‘कुठे काही असेल तर सांग’ एवढेच बोलणे होते, ‘बघतो’ असे उत्तर येते आणि विषय बहुतेकदा तिथेच थांबतो. यात आपुलकी कमी पडते असे नाही. जवळच्या माणसांना साधारण तेच ठाऊक असते जे आपल्याला ठाऊक असते.

हे कोणी दाखवून दिले?

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी. बोस्टनजवळच्या न्यूटन येथे नोकरी बदललेल्या लोकांना त्यांनी विचारले, की ज्याच्याकडून नोकरीची माहिती मिळाली, तो माणूस त्या काळात तुम्हाला किती वेळा भेटत होता? आठवड्यातून किमान दोनदा, असे सांगणारे जेमतेम १७ टक्के निघाले. सुमारे ५६ टक्क्यांची भेट अधूनमधून होत असे, तर २८ टक्क्यांची वर्षातून एकदा किंवा त्याहून कमी. जुना सहकारी, कॉलेजात दोन वर्षे पुढे असलेला कोणी, अशी ही माणसे. १९७३ च्या निबंधात त्यांनी यांना ‘कमकुवत धागे’ म्हटले. असा माणूस वेगळ्या वर्तुळात वावरतो, म्हणून त्याच्याकडची बातमी आपल्यासाठी नवी असते.

ऑनलाइन जमान्यात हे खरे आहे का?

लिंक्डइनवरील सुमारे दोन कोटी लोकांच्या पाच वर्षांच्या माहितीवर आधारलेला अभ्यास २०२२ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आला. निष्कर्ष तोच, पण एका दुरुस्तीसह. अगदीच अनोळखी धागा फारसा कामाचा नाही. काही सामाईक परिचित असलेली मध्यम ओळख सर्वाधिक उपयोगी ठरते. (आपल्यावर असा प्रयोग सुरू आहे हे वापरकर्त्यांना माहीत नव्हते, यावर नंतर टीकाही झाली.)

महाराष्ट्राचा अनुभव काय?

गिरणगाव उभे राहिले तेच ओळखींवर. कोकणातून, साताऱ्याकडून आलेला माणूस आधी गाववाल्यांच्या खोलीवर उतरे, मग ओळखीच्या जॉबरमार्फत गिरणीत लागे. पण अशी ओळख बांधूनही ठेवते. अर्थतज्ज्ञ कैवन मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग यांनी दादरमधील शाळांच्या वीस वर्षांच्या प्रवेशांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध केला. ज्या जातींच्या ओळखी पिढ्यान्पिढ्या कामगारी नोकऱ्यांत होत्या, त्यांतील मुलगे इंग्रजीची मागणी वाढल्यावरही मोठ्या प्रमाणात मराठी माध्यमातच राहिले, कारण पुढची नोकरी जातभाईंकडून मिळणार होती. त्याच घरांतल्या मुलींसाठी अशी साखळी नव्हती आणि त्याच इंग्रजी शाळांकडे अधिक वळल्या. ओळख नसण्याचा असाही फायदा!

मग हा वशिलाच नाही का?

वशिल्यात पात्रता बाजूला पडते. रेफरलमध्ये अर्ज ढिगाऱ्यातून वर येतो, मुलाखत मात्र द्यावीच लागते. अनेक खासगी कंपन्या माणूस सुचवणाऱ्या कर्मचाऱ्याला बक्षीसही देतात, त्यामुळे विचारताना संकोचण्याचे कारण नाही. तक्रार वेगळी आहे. आत असलेले लोक आपल्यासारख्यांनाच सुचवतात आणि बाहेरचे बाहेरच राहतात. सरकारी भरतीत तर ओळखीला जागाच नाही. ‘आत सेटिंग आहे, एवढे पैसे लागतील’ असे कोणी म्हणाले, तर ती फसवणूक समजावी.

विचारायचे कसे?

‘नोकरी बघा ना’ असा मेसेज समोरच्याला अडचणीत टाकतो. नोकरी देणे त्याच्या हातात नसते, माहिती देणे असते. म्हणून असे लिहावे : ‘नमस्कार सर, मी तुमच्याच कॉलेजची, २०२१ ची मेकॅनिकल. चाकणला दोन वर्षे क्वालिटीत होते. तुमच्या कंपनीत क्वालिटी इंजिनीअरची जागा निघाली आहे. तिथे नेमके काम काय असते, हे विचारायचे होते. या आठवड्यात दहा मिनिटे बोलता येईल का?’ बोलणे चांगले झाले, तर रेफरलचा विषय बऱ्याचदा तेच काढतात. न काढल्यास शेवटी आपण विचारावे आणि जाहिरातीची लिंक व बायोडेटा एकत्र पाठवावा. उत्तर नाही आले तर आठवड्याने एकदा आठवण, त्यापुढे नको.

ज्यांच्या घरात कोणीच नोकरीत नाही?

सर्वाधिक अडचण त्यांचीच. पण आयटीआयचे निदेशक, इंटर्नशिपमधले सुपरवायझर, माजी विद्यार्थ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप हेही धागेच आहेत. करिअरमध्ये खंड पडलेल्या महिलांसाठी जुन्या ऑफिसातल्या सहकारी सर्वांत जवळच्या; दहा वर्षे बोलणे झाले नसले तरी. एक धागा बहुतेक जण विसरतात : ज्या मुलाखतीत निवड झाली नाही, तिथला मुलाखत घेणारा. त्याने आपले काम पाहिलेले असते. दुसरी जागा निघाल्यास कळवा, असे दोन ओळींत लिहायला हरकत नसते.